भाताच्या गोणीतला लॅपटॉप

हसायचं असेल तर हसा, पण मधेच तोडू नका. मला हे एका दमात सांगून टाकू द्या.

तर मी लॅपटॉप घेतला. स्वस्तातला, हलका, वहीसारखा पातळ. काकांचा जुना फुकट मिळत होता, पण तो पाट्यासारखा जड. मी म्हटलं, तो तुमच्याकडेच ठेवा, वर चटणी वाटा.

माझ्या लॅपटॉपच्या खोड्या मला ठाऊक होत्या. चार खिडक्या उघडल्या की पाचवीला तो विचार करत बसायचा. झाकण बोटाने दाबलं तरी वाकायचं. कॅमेऱ्यात माणूस तळ्याच्या तळाशी बसल्यासारखा दिसायचा. पण बॅटरी दिवसभर पुरायची. आमच्या पाड्यावर वीज कधी येते आणि कधी जाते हे विजेलाच माहीत नसतं, तिथे आणखी काय हवं?

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, मात्र तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. आबा कोंबडीपासून कोयत्यापर्यंत सगळं हातात तोलून बघतात. लॅपटॉपही त्यांनी तसाच तोलला.

"रेश्मे, यात काय घातलंच नाय गो. रिकामं डबडं दिलंन तुला."

"आबा, हलका आहे म्हणूनच घेतलाय. पाठीवर घेतला तर आहे की नाही तेही कळत नाही."

"अगो, पण उद्या समज..."

"तुम्हाला नाही समजायचं, आबा."

आबांचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबणं मला जमत नाही. ते बियाण्यापासून सुरू करतात आणि भात शिजेपर्यंत मुद्द्यावर येत नाहीत. कोण थांबणार?

मला नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखतीचं बोलावणं आलं. घरी बसून फोनवर लोकांच्या तक्रारी घ्यायच्या, असं काम. मुलाखत दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला, लॅपटॉपवरूनच द्यायची. मोबाइलवरून चालणार नाही असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं. मुरबाडला मैत्रिणीच्या घरी चांगलं इंटरनेट होतं. एकच्या एसटीने निघायचं ठरलं. ही नोकरी लागली नसती तर रोज कल्याणपर्यंत धक्के खात जाण्याशिवाय माझ्यापुढे दुसरा रस्ता नव्हता.

आणि आदल्या संध्याकाळी मी लॅपटॉपवर चहा सांडला.

अर्धा कपच. पण पडदा एकदा लुकलुकला आणि काळा पडला. घरात सांगायची सोय नव्हती. "रिकामं डबडं" हे मला जन्मभर ऐकावं लागलं असतं. मग आठवलं, मोबाइल भिजला की तांदळात ठेवतात. तांदळाच्या डब्यात लॅपटॉप मावेना. आईने तो डबा का उपसतेस म्हणून विचारलं असतं ते वेगळंच. पडवीत मात्र भाताच्या चार गोणी उभ्या होत्या, तोंडं उघडी. तांदूळ पाणी ओढतो तर टरफलासकट भात ओढणार नाही का? पदवीधर डोक्याला हे पटलं. मी लॅपटॉप कोपऱ्यातल्या गोणीत उभा खुपसला आणि वर दोन ओंजळी भात पसरला.

आता, भातशेतीच्या घरात जन्मलेलं लहान पोर तुम्हाला सांगेल की साठवणीचा भात कणगीत असतो. पडवीत गोणी आल्या म्हणजे त्या गिरणीला निघाल्या. हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण भीतीने माणसाचं डोकं आधी बंद पडतं, लॅपटॉप नंतर.

सकाळी मी गोणीत बोट घालून बघितलं. होता. आणखी थोडा सुकू दे म्हटलं, आणि खोलीचं दार लावून मुलाखतीची उत्तरं घोकत बसले. मधे आबांनी दार वाजवलं.

"रेश्मे, अगो तुजं ते..."

"आबा, मी अभ्यास करतेय. नंतर."

दुपारी जेवून पडवीत आले तर पडवी मोकळी. जमिनीवर गोणींचे चार गोल डाग तेवढे उरलेले.

"गोणी कुठायत?"

"तुजा बापूस घेऊन गेला गिरणीत, धसईला," आबा ओटीवरून म्हणाले. "पन ऐक, ते मी..."

ऐकायला वेळ कुठे होता? खुंटीवरची बॅग पाठीला अडकवली, शेजारच्या काकूंची स्कूटी अंगणात उभी होती, ती घेतली. मागून आबा ओरडत होते. मी हॉर्न वाजवला.

तो रस्ता मी कसा कापला ते विचारू नका. डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. गिरणीच्या तोंडातून भात खाली उतरतोय, मागून माझा लॅपटॉप उतरतोय, आणि खालून तांदळाबरोबर त्याचे कण बाहेर येतायत. मग ते कण आमच्याच ताटात. वाटेत तीनदा फोन वाजला. आबा. तीनदा मी तो कापला.

गिरणी चालू होती. बाबा बाकावर बसले होते. गिरणीवाले दामूकाका आमची गोणी वर ओतत होते, आणि मी दारात पाय ठेवला त्याच क्षणी आतून कड् असा आवाज आला.

"बंद करा!"

गिरणी थांबली. रांगेतली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली.

"काय झालं गो? कोण गेलं?" दामूकाकांनी विचारलं.

"लॅपटॉप," मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं. "गोणीत माझा लॅपटॉप आहे."

बाबा उठून उभे राहिले. "गोणीत? कोणी घातला?"

"मीच."

"कशाला?"

"सुकायला."

बाबांनी कोपऱ्यातली ताडपत्री ओढली.

ती अंथरली. उरलेल्या गोणी एकेक करून ओतल्या. रांगेतल्या दोन बायकाही गुडघ्यांवर बसून भात चाळायला लागल्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "आमी तुरीला ऊन देतो, पापडाला देतो. हिनं भाताला लॅपटॉप दिला."

काहीच सापडलं नाही. म्हणजे तो भरडून झालेल्या पहिल्या गोणीत होता. मी मागच्या बाजूला धावले आणि तुसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातले. आणि काय हाताला लागावं? काळं, छोटं, गुळगुळीत. लॅपटॉपचं बटण. मी ते तळहातावर घेऊन दामूकाकांपुढे धरलं.

त्यांनी वाकून बघितलं. "बकरीची लेंडी हाय ती."

माझा फोन पुन्हा वाजला.

"घे ना," बाबा म्हणाले. "म्हातारा मघापासून लावतोय."

"आबांना आत्ता काय सुचलंय, बाबा? अडीच वाजून गेले. माझी नोकरी गेली इथे."

मी फोन कापला. मग बाबांचा वाजला. बाबांनी तो स्पीकरवर टाकला, आणि सगळ्या गिरणीने ऐकलं.

"ती पोचली का रे तिथं? तिला सांग, गोणी बांधताना तिचं ते डबडं माज्या हाताला लागलं. चहाचा वास येत व्हता. पुसून चुलीमागच्या भिंतीला टेकवून ठेवलं, सुकल्यावर तिच्या बॅगेत घातलं. सकाळधरनं सांगतोय. बॅग तिच्या पाठीवरच हाय."

मी हात मागे नेला. बॅगेची चेन उघडली. आत लॅपटॉप होता. गोधडीच्या तुकड्यात नीट गुंडाळलेला.

घरापासून गिरणीपर्यंत तो माझ्या पाठीवर होता. ताडपत्रीवर रांगताना पाठीवर होता. तुसात हात घालताना पाठीवर होता. आहे की नाही ते कळत नाही, हे मीच सांगितलं होतं ना?

"मग कड् करून कसला आवाज आला?" मी कसंबसं विचारलं.

"खडा," दामूकाका म्हणाले. "रोज येतो."

तीनपर्यंत मुरबाड गाठणं शक्य नव्हतं. तांदळाच्या रिकाम्या डब्यावर मी लॅपटॉप ठेवला, मोबाइलचं नेट जोडलं आणि बटण दाबलं. पडदा काळाच. सगळे माझ्या मागे गोळा झालेले. माझी मनात म्हसोबापासून सगळ्या देवांची नावं घेऊन झाली तेव्हा कुठे पांढरं चक्र गरगरायला लागलं. ते इतकं सावकाश फिरत होतं की एक म्हातारबुवा म्हणाले, "दमलंय बिचारं."

सुरू झाला. स्पेसचं बटण चहाने चिकटत होतं, पण सुरू झाला. दामूकाकांनी मुलाखत होईपर्यंत गिरणी बंद ठेवायचं कबूल केलं आणि रांगेतलं कुणीही त्यावर कुरकुरलं नाही. फुकटचा तमाशा कोण सोडतं?

पडद्यावर एक मॅडम आल्या. त्यांनी डोळे बारीक केले.

"तुमच्याकडे धुकं आहे का?"

माझ्या केसांत, भुवयांवर, खांद्यांवर कोंडा होता. "कॅमेराच तसा आहे, मॅडम," मी म्हटलं. त्या कॅमेऱ्याचा मला पहिल्यांदाच उपयोग झाला.

मग त्यांनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं. शेवटी त्या म्हणाल्या, "या कामात चिडलेले ग्राहक असतात. ते लांबण लावतात, मुद्द्यावर यायला वेळ घेतात. तुमच्यात असा कोणता गुण आहे की आम्ही तुम्हाला घ्यावं?"

हे उत्तर माझं सकाळपासून पाठ होतं. दार लावून घोकलेलं. मी एका दमात म्हणून टाकलं.

"मॅडम, मी समोरच्याचं बोलणं कधीच मधे तोडत नाही. पूर्ण ऐकून घेते."

मागे बाबांना जोरात ठसका लागला. आणि बाकावर ठेवलेल्या त्यांच्या फोनचा स्पीकर अजून चालूच होता. त्यातून आबांचा आवाज आला.

"कोण बोलतंय रे ते? आपली रेश्मा नाय वाटत."