चार वर्षांची चौथी

आमच्या शाळेची जुनी मुलं एखाद्या लग्नाकार्यात भेटली, की पंगत उठते पण गप्पा उठत नाहीत. प्रत्येक जण एक किस्सा सांगतो अन् घरी जाताना दोन घेऊन जातो. माझ्याकडं असे पुष्कळ साठलेत.

आधी एवढं सांगते. निजामाच्या राज्यात जळकोटच्या बाजूला आमची खासगी मराठी शाळा होती, मल्लिनाथ मास्तरांची. सरकारची इजाजत फक्त चौथीपर्यंत. पाचवी काढली तर शाळेला कुलूप! मास्तरांनी पाचवी काढलीच नाही. चौथी झालेली मुलं पुन्हा चौथीतच बसायची. अभ्यास मात्र पाचवीचा, मग सहावीचा, मग सातवीचा. बीजगणित, इंग्रजी, सगळं. हजेरीपटावर मात्र चौथी! अन् हे घरीसुद्धा सांगायचं नाही. बाजारात कुणी बोलून बसलं तर?

*

काशिनाथ आज सोलापुरात मोठा सर्जन आहे. तिसऱ्या वर्षी त्याची आई डोळे पुसत शाळेत आली.

"मास्तर, पोरगं तीन वर्सं चौथीतच हाय. डोक्यात कायी कमी हाय का त्येच्या?"

"पाया पक्का करतोय, आक्का."

"तीन वर्सं पायाच? मग भिंत कधी बांधताव!"

अजूनही ऑपरेशन लांबलं अन् कुणी घाई केली, की काशिनाथ म्हणतो, "थांबा, पाया पक्का करतोय."

*

गुंडू हायकोर्टात जज्ज झाला. आमच्याकडून तो सोलापूरला आठवीत बसायला गेला. सोलापूर इंग्रजांकडं होतं, तिथं भीती नव्हती. पण सर्टिफिकेटवर 'चौथी पास'! हेडमास्तर हसले. तरी परीक्षा घेतली. गुंडू पहिला आला.

हेडमास्तरांनी चष्मा काढला. "पाचवी, सहावी, सातवी कुठं झाली रे?"

"चौथीत झाली, सर."

*

मी काही मोठी झाले नाही, पण माझाही एक किस्सा आहे. लोहाऱ्याची मंडळी मला बघायला आली. मुलाच्या मावशीनं विचारलं, "किती शिकलीस गं?"

"चौथी."

"एका दमात ना?"

खोटं बोलायची सवय नव्हती. म्हटलं, "नाही. चार वर्षं."

स्थळ गेलं. पुढं मी मॅट्रिक झाले. त्याच मावशी एका बारशात भेटल्या. पेढा घेतला अन् हळूच विचारलं, "मॅट्रिक किती वर्षं?"

*

गुंडू सोलापूरला जायच्या आदल्या वर्षी तालीम खात्याचे, म्हणजे निजामाच्या शिक्षण खात्याचे, साहेब अचानक तपासणीला आले. इंग्रजीची पुस्तकं पोत्याखाली गेली. फळा पुसला. आम्ही सगळे उभे राहिलो. मास्तरांनी आधीच बजावून ठेवलं होतं, "साहेबांपुढं चौथीच्या वर कुणी जायचं न्हाय."

साहेबांची नजर गुंडूवर. त्याला मिसरूड फुटलेलं!

"इत्ता बडा लडका चौथी में?"

"डोक्यानं जरा जड आहे, साहेब," मास्तर म्हणाले. गुंडूचे कान लाल झाले. इंग्रजीत तो आमच्यात सगळ्यांत पुढं.

साहेबांनी त्याला विचारलं, "कॅट बोले तो क्या?"

"म्हाईत न्हाय."

"डॉग?"

"त्ये बी न्हाय."

मास्तरांनी श्वास सोडला. साहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले, "सिट डाऊन."

गुंडू बसला. अन् त्याच्याबरोबर सगळी चौथी एकदम खाली बसली! पहिली ते तिसरीची मुलं तेवढी उभी.

साहेबांनी बसलेल्यांकडं बघितलं, उभ्यांकडं बघितलं. छडी उचलली अन् निघून गेले.

गुंडू रडला. मास्तर त्याला म्हणाले, "तुझी चूक न्हाय. शिकवलं मी, बसलास तू." पण त्या दिवसापासून शाळेची किल्ली त्यांच्या मुठीतच असायची. कुलूप लावायला लोक कधी येतील, याचा नेम नव्हता.

*

आठ-दहा दिवसांनी साहेबांचा टांगा शाळेपुढं थांबला. वर्गात कुणी हालेना. मास्तर दारात गेले अन् त्यांनी न विचारताच किल्ली पुढं केली.

"वो रख लो, मास्तर," साहेब म्हणाले. टांग्यातून त्यांनी एका मुलाला हात धरून उतरवलं. "मेरा लडका है. स्कूल में दाखिला होना."

मास्तरांनी किल्ली मागं घेतली. कसंबसं त्यांनी विचारलं, "आजवर किती शिकलाय, साहेब?"

"छठी पास है," साहेब म्हणाले. "चौथी में बिठाव."