कार्ड कंपनीकडे गेलंय

राजेशम अण्णा कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी त्याला कान लावत. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून एक लांब स्क्रू-ड्रायव्हर नेहमी डोकावत असे. त्याचं टोक यंत्रावर टेकवायचं, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. पहिल्यांदा ते नवी पेठेतल्या माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आले, तेव्हा काही न विचारता त्यांनी काउंटरवरच्या चालू कॉम्प्युटरला तो स्क्रू-ड्रायव्हर लावला. मी ओरडणार होतो, पण त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

“इंजिनेर, ह्याचा पंखा कोरडा हाय. आठ दिवसांत बसंल.”

मी इंजिनिअर नव्हतो, सहा महिन्यांचा कोर्स केलेला माणूस होतो. पंखा सहाव्या दिवशी बसला.

अण्णा पूर्व भागातले, म्हणजे शहरातल्या तेलुगू विणकरांच्या वस्तीतले. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, चिडले की दोन्ही. यंत्रमागाच्या कारखान्यात ते जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारा माणूस. टॉवेलचे पंचवीस माग त्यांच्या हाताखाली होते. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, “आदी आईक, मग हात लाव.” हे ते मागाबद्दल म्हणत, माझ्या कॉम्प्युटरबद्दल म्हणत आणि अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, आमटीत मीठ जास्त टाकलं तरी म्हणत. अक्का लगेच सुनवायच्या, “मीठ आईकू येत न्हाय. गप गिळा.”

त्यांचं माझ्याकडचं काम असं होतं. एका बंद पडलेल्या ऑफिसातून त्यांनी एक जुना कॉम्प्युटर आणला होता. त्याला आवाज नव्हता. मदरबोर्डवरचा आवाजाचा भाग मेलेला होता. त्यात वेगळं साउंड कार्ड बसवायचं, टेपरेकॉर्डर त्याला जोडायचा आणि सत्तावीस कॅसेट कॉम्प्युटरमध्ये घ्यायच्या.

“गाणी आहेत का अण्णा?”

“व्हय. मागाची.”

ती थट्टा नव्हती. दहा-बारा वर्षं अण्णांनी बिघडलेल्या मागांचे आवाज टेप केले होते. माइक फडक्यात गुंडाळून मागाच्या सांगाड्याला बांधायचा आणि बटण दाबायचं. पट्टा ढिला पडला की माग कसा वाजतो, चाकाचा दात तुटला की कसा, तेल संपलं की कसा. एका कॅसेटवर एक दोष. वर फक्त आकडे, एक ते सत्तावीस. अण्णांना लिहिता येत नव्हतं, आकडे तेवढे काढता येत. कुठल्या आकड्यात कुठला दोष, हे त्यांच्या कानालाच माहीत.

हा उद्योग कशासाठी, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. कापडातून सुताची कांडी घेऊन इकडून तिकडे पळतो तो धोटा कधीकधी मागातून उडतो, गोळीसारखा. असाच एक धोटा अण्णांच्या शेजारच्या विणकराच्या डोळ्यात गेला. “उडायच्या आदी माग सांगतोय की,” अण्णा म्हणाले. “बारीक बोलतोय, चिमणीवानी. मला त्या दिवशी आईकू आलं होतं. मी पलीकडच्या टोकाला होतो. पोचलो न्हाय.” तो आवाज नंतर त्यांनी दुसऱ्या एका मागावर पकडला, टेप केला आणि मगच तो माग बंद करून नीट केला. आता सगळ्या कॅसेट ऐकायच्या, प्रत्येक आवाजापुढे स्वतःच्या तोंडाने दोषाचं नाव आणि उपाय बोलायचा, आणि ते सगळं विणकरांच्या मोबाइलमध्ये भरून द्यायचं, हा त्यांचा बेत होता.

“मग घाई काय आहे?” मी विचारलं.

त्यांनी उजव्या कानाला हात लावला. “हे गेलं. डावं चाललंय. डॉक्टर म्हणतोय, थांबणार न्हाय. चाळीस वर्षं मागाखाली काढली, आणि काय व्हणार?”

म्हणजे मला सगळं माहीत होतं. माहीत नव्हतं म्हणून चूक झाली, असं मला म्हणता येत नाही.

एकदा ते मला कारखान्यात घेऊन गेले. आत शिरताच माझे कान बंद झाले. स्वतःचा आवाजही ऐकू येईना. पण अण्णा लांब टोकाच्या एका बाईशी आरामात गप्पा मारत होते. ती काहीतरी बोलली, अण्णा हसले, अण्णा काहीतरी बोलले, ती पदर तोंडाला लावून हसली. बाहेर आल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, “हितं आवाज कुणाला पायजे? समोरच्याचं तोंड बगायचं. आमी सगळे तोंडावरून वाचतोय. म्हणून तर मालक आला की तोंड फिरवून त्येला शिव्या देतोय.” मी खूप हसलो. ही गोष्ट मी नंतर अनेकांना सांगितली, पण स्वतः लक्षात ठेवली नाही.

कार्ड मीच विकलं. जुनंच, पण चालणारं. माझ्याकडच्या प्रत्येक वस्तूवर मी दुकानाच्या नावाचं आणि गॅरंटीच्या तारखेचं स्टिकर चिकटवत असे, तसं त्यावरही चिकटवलं. कार्ड बसवलं, खोक्यावर नाव होतं त्याची ड्रायव्हरची सीडी घातली. ड्रायव्हर म्हणजे कार्डाची भाषा कॉम्प्युटरला समजावून सांगणारा दुभाषी. तो चुकीचा निघाला, तर दोघं एकमेकांकडे नुसते बघत बसतात. तसंच झालं. पडद्यावर कार्डाच्या नावापुढे पिवळं चिन्ह आलं. दुसरा ड्रायव्हर घातला, तर कॉम्प्युटर सुरू होताहोताच अडकला.

अशा वेळी काय करायचं हे मला चांगलं येत होतं. खोक्यावर विश्वास ठेवायचा नाही. कार्ड काढायचं, त्यावरच्या मोठ्या चिपचा नंबर भिंगाने वाचायचा आणि त्या नंबरचा ड्रायव्हर शोधायचा. तासाभराचं काम. पण त्याच आठवड्यात एका कॉलेजच्या लॅबचे चाळीस कॉम्प्युटर माझ्याकडे आले होते. अण्णांच्या कामाला मला वेळ नव्हता. वेळ नाही, असं म्हणायची मला लाज वाटली. मग मी जे म्हणालो, ते म्हणायची लाज वाटली नाही.

“अण्णा, कार्ड जळलंय. गॅरंटीत आहे. कंपनीकडे पाठवतो, बदलून येईल.”

आमच्या धंद्यात हे वाक्य सगळे वापरतात. गिऱ्हाईक गप्प बसतं, आपल्याला पंधरा दिवस मिळतात. कंपनी कुठे असते, ते कुणी विचारत नाही. कार्ड मी ड्रॉवरमध्ये टाकलं.

पंधरा दिवसांनी अण्णा आले. “आलं का?”

“कंपनीकडे गेलंय.”

महिन्याने आले. “कंपनी कुटं हाय रे तुझी? चालत गेलंय का कार्ड?” स्वतःच हसले. मीही हसलो. लॅबचं काम संपलं होतं तोवर. पण आता कार्ड काढून बसवायचं, तर ते परत कसं आलं, कुठून आलं, हे सांगावं लागलं असतं. आणि पुन्हा चाललं नसतं तर आणखी एक खोटं. खोटं जितकं जुनं होतं तितकं ते ड्रॉवरमध्ये खाली खाली जातं. दुसरं कार्ड घेऊ का, असं त्यांनी एकदा विचारलं. मी म्हणालो, कशाला, आपलं येईलच. हे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचतं.

असे आठ महिने गेले. शेवटी शेवटी ते दारातूनच भुवया उडवून विचारत, आणि मी मान हलवून नाही म्हणे. ते बोलायचे कमी झालेत, एवढंच माझ्या लक्षात आलं होतं. का, ते आलं नव्हतं. एक दिवस मी त्यांना मागून हाक मारली. ते थांबले नाहीत. पुन्हा मारली. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने वळून पाहिलं, चहाच्या टपरीवरच्या माणसाने पाहिलं, अण्णा सरळ चालत गेले.

मी आत येऊन ड्रॉवर उघडला. कार्डाच्या चिपवर माझं स्टिकर होतं. नंबर झाकला होता तो मीच. नखाने स्टिकर खरवडलं. खोक्यावरचं नाव एका कार्डाचं आणि आत चिप भलतीच. त्या नंबरचा ड्रायव्हर शोधला. अण्णांचा कॉम्प्युटर माझ्याकडेच धूळ खात होता. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन मदरबोर्डवरचा मेलेला आवाजाचा भाग बंद केला, म्हणजे दोघांची भांडणं नकोत. कार्ड बसवलं, ड्रायव्हर घातला, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. पिवळं चिन्ह गेलं होतं. विंडोज सुरू होतानाची ती ओळखीची धून वाजली. मी घड्याळ पाहिलं. चाळीस मिनिटं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं अण्णांच्या घरी नेलं. अक्कांनी खुर्चीवर स्पीकर ठेवायला फडकं अंथरलं. अण्णा आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून समोर बसले. मी पहिली कॅसेट लावली.

“लाव की,” अण्णा म्हणाले.

“लावलंय, अण्णा.”

“लाव रे.”

मी आवाज वाढवला. पूर्ण वाढवला. समोरच्या घरातून एक बाई दारात आली. “ओ अक्का, घरातच माग बसवला का काय!” अक्कांनी तिला हातानेच जा म्हणून सांगितलं. अण्णा माझ्याकडे बघत होते, सुरू कधी होणार म्हणून.

मग अण्णांची नजर स्पीकरच्या थरथरणाऱ्या जाळीकडे गेली. त्यांनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, टोक स्पीकरच्या लाकडावर टेकवलं आणि मूठ कानाला न लावता दातांत धरली. डोळे मिटले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “पट्टा. पट्टा ढिला हाय.”

आम्ही चार दिवस बसलो. धपधपणारे, हादरे देणारे दोष त्यांच्या दातांना कळले. बारीक, शीळ घालणारे कळले नाहीत. अकरा कॅसेट ओळखल्या. त्या अकरांना त्यांनी माइकवर आवाज दिला. स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे ओरडूनच बोलले: “हे पट्टा ढिला. धोटा उशिरा जातंय. आदी बंद कर. मग हात घाल.” सोळा राहिल्या. चिमणीची कॅसेट त्या सोळांत होती. ती त्यांनी तीन-तीनदा शोधली. एकेक कॅसेट लावायला लावायचे, दात आवळायचे, मान हलवायचे. शेवटी स्क्रू-ड्रायव्हर फडक्याने पुसून खिशात ठेवला.

“आठ म्हयनं आदी आलं असतं, तर सापडलं असतं,” म्हणाले. तक्रार नव्हती. कंपनीला उशीर झाला, एवढंच.

अक्का चहा करायला आत गेल्या होत्या. मी अण्णांच्या समोर बसून म्हणालो, “अण्णा, कार्ड जळलं नव्हतं. माझ्या ड्रॉवरमध्येच होतं. मी खोटं बोललो.” अगदी हळू म्हणालो. त्यांना ऐकू जाणार नाही हे ठाऊक होतं, म्हणूनच म्हणालो. आपण कबुली दिली, एवढं समाधान मला हवं होतं. त्यांनी ती ऐकलेली नको होती. ते माझ्याकडे एकटक बघत होते. मग मान हलवली आणि म्हणाले, “चा घे.” बहिरा माणूस न कळताच मान हलवतो, तशी हलवली असं मी ठरवलं.

त्यानंतर पंधरा वर्षं आम्ही भेटत राहिलो. दिवाळीला, कुणाच्या लग्नात, नवी पेठेत. दर वेळी ते माझ्या तोंडाकडे बघत, काही बोलतोय का म्हणून. मी ख्यालीखुशाली विचारायचो, हातवारे करून.

या वर्षी अण्णा गेले. मी भेटायला गेलो तेव्हा अक्कांनी सोळा कॅसेटची पिशवी माझ्यापुढे ठेवली. “तुमच्याकडं ठेवा म्हणाले होते.” मग म्हणाल्या, “कार्डाचं मला त्यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं.”

“त्यांना ऐकू आलं होतं?”

“आईकू कुटलं येतंय? तोंड बगितलं की तुमचं. कारखान्यातला माणूस.” अक्का रागावलेल्या नव्हत्या. “मी म्हणलं, मग विचारायचं न्हाय का त्याला? भांडायचं न्हाय? तर म्हणाले, ‘हळू बोलला गं. हळू बोलणाऱ्याला काय उत्तर द्यायचं? मोठ्यांदा बोलंल, तवा देईन.’ लई दिवस वाट बगितली त्यांनी. तुमी गेलात की म्हणायचे, आज बी न्हाय बोलला.”

काय उत्तर देणार होते, ते मी विचारलं. अक्कांना ठाऊक नव्हतं.

त्या अकरा आवाजांची नक्कल आजही अक्कलकोट रोडवरच्या दोन-तीन कारखान्यांत कुणाकुणाच्या मोबाइलमध्ये आहे. राहिलेल्या सोळा मी अनेकदा ऐकल्या. माझे कान चांगले आहेत. एकोणीस नंबरमध्ये मागाच्या धडधडीमागे काहीतरी बारीक बोलतं. चिमणी तीच असावी असं मला वाटतं. पण माझ्या वाटण्यावर कुणी चालता माग बंद करणार नाही, आणि करूही नये.

म्हणून हे मोठ्यांदा. अण्णा, कार्ड जळलं नव्हतं. कंपनीकडेही गेलं नव्हतं. आठ महिने ते माझ्या ड्रॉवरमध्ये होतं, आणि त्याच्या चिपवर माझ्याच दुकानाचं नाव होतं.