काकांच्या घरचं लग्न आणि दोन तासांचा ब्लॉक

मी रेल्वेत वेळापत्रकाच्या विभागात काम करते. काम सांगायला सोपं आहे. एका बाजूला स्टेशनं, वर तास, आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. दोन रेघा एकाच जागी एकमेकींच्या अंगावर येऊ द्यायच्या नाहीत, झालं. प्रवासी गाड्यांच्या रेघा आधीच ठरलेल्या असतात. मालगाड्यांना मधल्या फटीत बसवायचं, आणि रूळ दुरुस्तीवाल्यांना जागा लागली की सगळ्यांनाच जरा सरकवायचं. त्या जागेला ब्लॉक म्हणतात.

एकदा काका काही कामाने नाशिकरोडला आले आणि मी घरी संगणकावर तसला तक्ता उघडून बसले होते. काकांची एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या बाजूला शेती, झेंडू आणि भाजीपाला. ते बराच वेळ माझ्या मागे उभे राहिले. गावात जाऊन त्यांनी सांगितलं, "आमची पोरगी रेघ मारती, तव्हा गाडी हालती."

त्याच वर्षी हिवाळ्यात माझ्या चुलत बहिणीचं लग्न ठरलं. मुलगा पिंपळगाव बसवंतचा, द्राक्षाच्या व्यापारातला. लग्नाचं लॉन्स रेल्वे फाटकाच्या अलीकडे आणि नवरदेव ज्या मारुतीच्या पाया पडून निघणार तो मारुती पलीकडे. काकांनी मला फोन केला.

"वरात जाईस्तोवर फाटक उघडं पाहिजे. तेवढा अर्धा तास गाड्या धरून ठेव."

"काका, असं नाही करता येत."

"एक रेघ तर खोडायची."

"त्या रेघेत हजार माणसं बसलेली असतात."

"आपल्याकडंबी आठशे येणारेत," काका म्हणाले.

आता योगायोग असा, की रूळवाल्यांनी त्याच दुपारी, फाटकाच्या थोडं पुढे, दोन्ही लाइनींवर दोन तासांचा ब्लॉक मागितला होता. माझा त्यात काडीचा संबंध नव्हता. पण मी काकांना म्हटलं, की त्या वेळात गाडी येणार नाही, फाटक उघडंच राहील, वरात तेवढ्यात काढा. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. "तू लग्नासाठी रेल्वे बंद केलीस म्हणे?"

लग्नाच्या दिवशी ब्लॉक वेळेवर सुरू झाला. वरात निघाली नाही. नवरदेवाच्या मामांना फेटा गुलाबी मिळाला होता आणि त्यांना भगवा पाहिजे होता. ते मारुतीच्या पारावर पाठ फिरवून बसले. भगवा फेटा आणायला मोटरसायकल गेली. फाटक सताड उघडं, रूळ मोकळे, आणि घोडा आमच्याकडे बघत उभा.

तरी मला घोर नव्हता. माझ्या सगळ्या नोकरीत रूळवाल्यांचा ब्लॉक वेळेच्या आत संपलेला मी पाहिला नव्हता. उशीर गृहीत धरूनच आम्ही पुढच्या रेघा मारतो.

पण काकांनी सकाळीच रुळांवर कामाला आलेल्या सगळ्या माणसांना जेवायचं आमंत्रण दिलं होतं. वर जिलेबी गरम आहे तोवर या, असंही सांगितलं होतं. त्या माणसांनी जे काम केलं ते पुन्हा कुणी करेल असं मला वाटत नाही. वेळेच्या बरंच आधी अवजारं गोळा झाली, लाइन मोकळी झाल्याचा निरोप गेला आणि सगळी गँग लॉन्सवर पंगतीत जाऊन बसली.

मामा भगवा फेटा बांधून उठले, डीजेचा टेम्पो घुमायला लागला, वरात नाचत फाटकाशी आली, आणि फाटक पडलं.

वरात आणायला गेलेले काका पलीकडून ओरडत नव्हते, नुसते माझ्याकडे बघत होते. ते जास्त अवघड होतं. मी कंट्रोलमधल्या सहकाऱ्याला फोन लावला.

"ब्लॉकमागे किती अडकल्यात?"

"तीन. दोन लागोपाठ, मग थोडी फट, मग एकलहऱ्याची कोळशाची. तुझ्या मागे बँड वाजतोय का?"

दोन गाड्या गेल्या. खिडक्यांतून लोक नवरदेवाला हात करत होते आणि नवरदेवही करत होता. फाटक उघडलं. घोडा पार झाला, मामा पार झाले, बायका पार झाल्या. डीजेचा टेम्पो वळणावर खड्ड्यात अडकला होता. तो ढकलून बाहेर निघेपर्यंत गेटवाल्याने शिटी मारून फाटक पुन्हा पाडलं. त्याने काही ऐकून घेतलं नाही आणि त्याचं बरोबरच होतं.

मुहूर्त टळायला आला होता. भटजी म्हणाले, "वाजंत्र्यांवाचून अडत नाही," आणि अंतरपाट धरला. डीजेवाल्या मुलांना फोनवर सांगितलं, तिकडेच थांबा, शेवटचं सावधान झालं की खूण करतो, जोरात लावा.

दुसरी मंगलाष्टका चालू होती तेव्हा कोळशाची गाडी आली. फाटक बघून ड्रायव्हरने लांबलचक भोंगा दिला. एवढा मोठा आवाज झालाय म्हणजे झालंच असणार, असं समजून आठशे माणसांनी हातातल्या सगळ्या अक्षता एकदम टाकल्या. पलीकडच्या मुलांना तीच खूण वाटली आणि त्यांनी गाणं सोडलं. गाणं लागलं म्हणून माझ्या बहिणीने अंतरपाटावरून हात घालून हार घातला.

"अजून तीन राहिल्यात," भटजी म्हणाले.

कुणाला ऐकू गेलं नाही. गाडी जाईपर्यंत, म्हणजे कोळशाचे सगळे डबे जाईपर्यंत, भटजी बोट वर करून उभे राहिले. मग त्यांनी उरलेल्या तिन्ही म्हटल्या. नवरानवरी गळ्यात हार घालून, हात जोडून ऐकत होती. अक्षता संपल्यामुळे लोकांनी नुसत्या टाळ्या वाजवल्या.

जेवताना काका मला घेऊन मांडवभर फिरले. "भोंगा तिनंच लावला व्हता," असं प्रत्येकाला सांगत होते. मी दोनदा नाही म्हटलं. काका म्हणाले, "पोरगी लाजती."

शेवटी पिंपळगावचे एक व्यापारी माझ्याजवळ येऊन खुर्ची ओढून बसले. आवाज खाली करून म्हणाले, "ताई, मार्चमध्ये आमचे द्राक्षांचे टेम्पो हायवेला फार अडकतात. तेही तुमच्याकडेच असतं का?"

"नाही हो. मी फक्त रेल्वेचं बघते."

"असू द्या," ते समजूत घातल्यासारखं म्हणाले. "होईल तेही." आणि मठ्ठा घ्यायला उठून गेले.