शब्द दिलेलं काळीज

"आधी बघू, मग बोलू." पदर कमरेला खोचत बाई असं म्हणाल्या की आमचे भलेभले डॉक्टर गप्प बसायचे.

साठ सालच्या आगेमागे मी मारेगावच्या बाजूला एका लहान दवाखान्यात ड्रेसर होतो, मलमपट्टी आणि शवागारातली कामं करायचो. बाई दूरच्या मोठ्या मेडिकल कॉलेजात शिकवायच्या. विषय एकच, बिघडलेलं हृदय. महिन्याला मोटारीने येऊन आमच्याकडे दगावलेल्यांची हृदयं तपासायच्या. शवागाराच्या तीन पायऱ्या चढताना मात्र दुसरीवर थांबायच्या. "थांब रे, इंजिन तापलं." मी हसायचो. गाढव होतो, दुसरं काय!

एकदा झरीकडच्या एका कोलाम आदिवासीची पोरगी वॉर्डात दगावली. चौदा वर्षांची, जन्मापासून ओठ निळे. बाईंनी बापाजवळ उकिडवं बसून विचारलं, "आत काय बिघडलं होतं, बघू द्याल?"

बाप म्हणाला, "पाहा. पण पोरगी मले पुरी पायजे. अर्धी मी मातीत नाही देत."

"पुरी देईन. शब्द."

त्या दिवशी बाईंच्या कॉलेजातले मोठे साहेबही जीपने आले होते. हृदय पाहून तेही चकित झाले. असं फक्त पुस्तकातच असायचं. "बरणीत घाला," साहेब म्हणाले, "प्रोफेसरची जागा तुमचीच समजा."

"बापाला शब्द दिलाय, सर."

"त्याला कोण सांगणार आहे?"

"नाही म्हटलं ना!"

साहेब तणतणत जीपकडे गेले. मग मीच शहाणपण शिकवायला गेलो. "बाई, कायले जिद्द करता? कापूस भरून शिवून टाकू. आपल्याकडं कापसाले का तोटा हाय? त्याले काय समजते!"

बाई अशा भडकल्या की मी दोन पावलं मागे सरलो. "त्याला समजत नाही म्हणूनच शब्द पाळायचा, लेका!"

दुपारभर त्या हृदयाचं चित्र काढत बसल्या. मग ते जागेवर ठेवून स्वतः टाके घातले आणि बापाला आत बोलावलं.

"हाय ना?" त्याने विचारलं.

"आहे."

त्याने टाक्यांवरून हात फिरवला आणि मान हलवली. मला माझ्या कापसाची लाज वाटली.

जागा दुसऱ्यालाच मिळाली. बाई लेक्चररच राहिल्या, ते चित्र भिंतीला टांगून शिकवत राहिल्या. "हट्टी म्हणतात मला. आहेच मी!" तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल. लोक त्याला वेडं म्हणतात आणि त्याच्याच भरवशावर झोपतात.

काही वर्षांनी बाई गेल्या. लहानपणच्या तापाने हृदयाची झडप खराब झालेली. त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं, आम्हालाच नव्हतं.

राहवेना म्हणून त्यांच्या कॉलेजात गेलो. चित्राखाली नवी बरणी होती, आत एक हृदय. तिथल्या शिपायाने बाईंची शेवटची चिठ्ठी वाचून दाखवली, "साहेब, तुम्हाला बरणी हवी होती ना? घ्या. हे माझं आहे, कोणाला विचारायचं नाही."

मी भर खोलीत ढसाढसा रडलो. शेजारी एक नवा विद्यार्थी नाक दाबून काहीतरी बोलायला लागला.

"आधी बघ," मी ओरडलो, "मग बोल!"