मारुतीपाशी थांबणारी घोडी

लॉकडाऊन लागला अन् माहा ऑटो दारातच उभा राह्यला. पेट्रोल भेटेना, अन् तालुक्याच्या महागावच्या रस्त्यावर गावोगावच्या लोकायनं बाभळीच्या काट्या आडव्या टाकलेल्या. मंग अख्ख्या गावाले माह्या लहान भावाची घोडी आठवली.

लग्नात नवरदेव बसवाची घोडी ती. लग्नंच बंद झाली म्हणून त्याचा धंदा बसला, अन् मी मनातल्या मनात खूश होतो. पण हा पठ्ठ्या वावरावावरातल्या पांदणीनं महागावले जाऊन लोकायची औषधं, किराणा आणू लागला. ज्या बाबानं ऑटो घेऊन देताना मले घराचा खांब म्हटलतं, तेच बाबा आता खाटेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगत, "माह्या घरी घोडेस्वार हाय." माह्या अंगाचा नुसता तिळपापड होये. घोडेस्वार म्हणे. चालते घोडी, अन् कौतुक याचं.

एक दिवस बाबाच्या बीपीच्या गोळ्या सरल्या. भाऊ वावरात गेलता. मी त्याले न विचारता घोडी सोडली. म्हटलं, आज बाबाच्या तोंडून माहं नाव निघालंच पाह्यजे.

पह्यल्याच गावच्या मारुतीपाशी घोडी थांबली. टाच मारली, चुचकारलं, शिव्या घातल्या, पण ती काही हालेना. पारावरचा म्हातारा म्हणे, "काहून नवरदेव, वरात कुठी राह्यली?"

शेवटी भावाले फोन लावा लागला. तो रागावला नाही, हेच मले जास्त झोंबलं. म्हणे, "दादा, नवरदेव मारुतीच्या पाया पडल्याबिगर मांडवात जाते का? तिले तेच ठाऊक. खाली उतर, पाया पड, मंग चालते ती."

आपल्याकडं मारुती नाही असं गाव कुठी सापडते? दर गावात उतरलो, पाया पडलो, पुन्हा चढलो. अन् दर मारुतीले एकच मांगलं, की आज तरी बाबाले मी दिसू दे.

घरी आलो तं मांड्या सोलून निघालत्या. बाबाच्या हातात गोळ्या ठेवल्या. भाऊ दारात घोडीचं तोंड पुसून राह्यलता. बाबानं पाण्यासंगं गोळी गिळली अन् माह्या खांद्यावरून त्याच्याकडं पाह्यलं.

"लहान्या, लय गुणाची शिकवली रे घोडी. कोणी बी बसू दे, नेऊन आणते."