अक्षरांखालचा पिवळा प्रायमर

सोमाटण्याला जुन्या हायवेच्या कडेला फकरुद्दीन पेंटरचं शेड आहे. ट्रकचे फाळके, बंगल्यांची गेटं, पाण्याच्या टाक्या, काय वाट्टेल ते तिथं रंगतं. माणूस हाताचा चांगला, जिभेचा फटकळ, आणि ‘माझं चुकलं’ म्हणायची वेळ आली की त्याची दातखीळच बसायची. गेली सहा वर्षं येईल त्याला तो एकच गोष्ट ऐकवत आला होता : धोंडिबानं घासाई नीट केली नाही, म्हणून तुंगार्लीच्या एका बंगल्याच्या होडीचा रंग उडाला. इतक्या वेळा सांगितली, की त्याला स्वतःलाही ती खरी वाटायला लागली होती. निदान चारचौघांत तरी.

धोंडिबा परंदवडीचा. अठ्ठावीस वर्षं दोघांनी एका शेडमध्ये काढली. घासायचं आणि अक्षरं काढायची ती धोंडिबानं, रंग मारायचा तो फकरुद्दीननं. ईदचा शिरखुर्मा परंदवडीला जायचा आणि बुद्धपौर्णिमेची खीर सोमाटण्याला यायची. होडीचं प्रकरण झालं आणि हे सगळं संपलं. धोंडिबा एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभा राहायला लागला. दोन वर्षांपूर्वी तो वारला. तेव्हा फकरुद्दीनच्या बायकोनं, खतीजानं, त्याच्या चपला उचलून दारात आणून ठेवल्या. म्हणाली, “जाऊन या. मेलेल्या मानसाशी कसलं भांडान?” फकरुद्दीन हटून बसला, गेला नाही.

आणि आता तीच होडी टेम्पोतून परत शेडमध्ये उतरली.

बंगला विकला गेला होता. नव्या मालकाचा केअरटेकर हनुमंत सांगून गेला, “सगळा रंग उतरवायचा भाऊ, पार पत्र्यापर्यंत. नाव पन नवं टाकायचंय.”

ॲल्युमिनियम म्हणजे मऊ काम. तारेचा ब्रश लावला की ओरखडे पडतात, कॉस्टिक सोडा लावला तर रंगाबरोबर पत्राही खातो. फकरुद्दीननं रिमूव्हरचा जाड हात दिला, वर प्लॅस्टिक पसरलं आणि अर्ध्या तासानं लाकडी पट्टीनं खरवडायला घेतलं. रंग कसला निघतोय, कांद्याचं साल सुटावं तसा सुटून येत होता. वरचा निळा, त्याखाली रेडऑक्साइडचा लाल प्रायमर, आणि त्याखाली पत्र्यावर पांढरी भुकटी. ती बघून त्याच्या मनात पाल चुकचुकली. लोखंडाला लाल लावतात, ॲल्युमिनियमला पिवळा, हे आता डब्यावरच छापलेलं असतं. तेव्हा ते धोंडिबानं तोंडानं सांगितलं होतं.

“भाऊ, लाल धरनार न्हाई ह्याला.”

“पत्रा त्यो पत्रा. आता तू मला शिकीवनार व्हय?” फकरुद्दीननं त्याला गप्प केलं होतं आणि लालच मारला होता.

वर्षभरात रंगाला फोड आले. मालक गाडी घेऊन शेडवर आला, चार माणसांसमोर बोलला. फकरुद्दीननं उचलली जीभ लावली टाळ्याला : “घासाई धोंडिबाची व्हती साहेब. त्यानं तेल नीट काढलं नसंल.” धोंडिबा तिथंच उभा होता. त्यानं एकदा फकरुद्दीनकडं पाहिलं, आपले ब्रश धुतले, पिशवीत भरले आणि निघून गेला. त्यानंतर तुंगार्लीच्या एकाही बंगल्यानं त्याला कामावर बोलावलं नाही.

दुपारपर्यंत होडी जवळजवळ मोकळी झाली. राहिलं फक्त पुढच्या टोकाजवळचं नाव, ‘मानसी’. तिथला रंग काही सुटेना. दुसरा हात दिला, तिसरा दिला. अक्षरांच्या भोवतीनं पट्टी फिरवली, तेव्हा खाली लाल नव्हता. दीड वितीच्या तुकड्यात पिवळा प्रायमर होता, पत्र्याला घट्ट धरून.

फकरुद्दीनला होडीवर नाव घालायचा तो शुक्रवार आठवला. जुम्म्याची नमाज पढून तो परत आला, तरी धोंडिबाची अक्षरं खडूतच होती. “अजून खडूच घोळवतोयस?” म्हणून त्यानं झापलं होतं. तेवढ्या वेळात त्या माणसानं तेवढ्या जागेतला रंग पत्र्यापर्यंत खरवडून, आपल्या पदरचा पिवळा लावून वाळवला होता आणि वर पुन्हा निळा फिरवला होता. भांडला नाही, सांगितलं नाही. आपली अक्षरं तेवढी टिकवली. आणि मालक ओरडत होता त्या दिवशी त्यानं नुसता या नावाकडं हात केला असता, तरी सगळा उलगडा झाला असता. फकरुद्दीनचं शेड उठलं असतं. म्हणून त्यानं हात केला नाही.

साठी उलटलेला तो माणूस पट्टी हातात धरून ढसाढसा रडला. मग होडीवर ताडपत्री ओढली आणि स्कूटर काढली.

परंदवडीत धोंडिबाची बायको शकुबाई ओट्यावर घेवडा सोलत होती. फकरुद्दीनला बघून तिनं डोक्यावर पदर घेतला, आत नेलं, पाणी दिलं. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी धोंडिबाचा फोटो होता. फकरुद्दीननं पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला.

“वैनी, त्या होडीचा रंग माज्यामुळं उडाला. प्रायमर मी चुकीचा लावला. धोंडिबानं सांगितलंतं मला. त्याची घासाई चोख व्हती.”

“पन ते तर म्हनायचे, माजंच घासायचं ऱ्हायलं,” शकुबाई म्हणाली. “मी इचारलं व्हतं. म्हनले, फकरुभाऊ खोटं बोलायचा न्हाई.”

फकरुद्दीनची मान खाली गेली. “त्याला सगळं ठावं व्हतं, वैनी. पयल्यापास्नं.”

इथं येताना त्याला वाटलं होतं, सांगून टाकलं की छातीवरची धोंड उतरेल. वैनी शिव्या देईल, दारातून हाकलून देईल, त्याचीही तयारी होती. शकुबाईनं तसलं काही केलं नाही. ती फोटोकडं बघत राहिली. मग तिचा चेहरा एकदम विस्कटला.

“भाऊ, ड्युटीवरनं पाय सुजवून यायचे ते. आन मी ताट वाढताना रोज बोलायची. तुमच्या आळसापायी हातातली कला गेली म्हून. चार वर्सं बोलले. ते खाली मान घालून जेवायचे.”

तिनं पदर तोंडात कोंबला.

“हे आता कुनाला सांगू मी?”