बिनक्लचची गाडी आणायला

स्वतःची मोटार असताना एसटीच्या रांगेत उभं राहायची पाळी आली की माणसाचं डोकं फिरतं. माझं फिरलेलंच होतं. दसरा तोंडावर आला होता. कोरेगावच्या स्टँडवर सकाळी सकाळी आम्ही दोघं ताटकळत उभे होतो, मी आणि आमचे हे, आणि निघालो होतो कशाला, तर आमचीच गाडी आणायला. वैशाखात यांच्या मावसभावानं, आप्पासोनं, ती ड्रायव्हर पाठवून विट्याला नेली होती, लेकीच्या लग्नात दोन दिवस लागेल म्हणून. लग्न झालं, पावसाळा झाला, गणपती बसले आणि उठलेही. गाडीचा पत्ता नाही. मी कुरकुर केली की हे म्हणायचे, असू दे गं, लग्नघर आहे. लग्नघर म्हणे! त्या पोरीला एव्हाना दिवस गेले होते.

शेवटी आप्पासोचा निरोप आला, गाडी तयार आहे, दोघं जेवायलाच या. तयार आहे म्हणजे काय, ते काही मला कळेना. नेली तेव्हा ती तयारच होती.

हे म्हणजे सुभेदार. लढाईत सुरुंगावर पाय पडला आणि डावा पाय गुडघ्याच्या वरून गेला. पुण्याहून लाकडी पाय बसवून आणलाय. त्याच्यावर कुबडीच्या आधारानं उभं राहता येतं, चार पावलं टाकता येतात, पण त्यानं काही दाबता म्हणून येत नाही. पुढचं सगळं रामायण यावरच घडलं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

गाडी जपानी. मुंबईत कुणा परदेशी वकिलातीतल्या साहेबाची होती. साहेब आपल्या देशी परत निघाला, तेव्हा यांच्या जुन्या मेजरसाहेबांनी मुद्दाम कळवलं, कारण त्या गाडीला क्लच नव्हता. आपल्याकडच्या गाड्यांत गिअर बदलायचा तर दर वेळी डाव्या पायानं क्लच दाबावा लागतो. ह्या गाडीत ती भानगडच नाही. उजवा पाय एकदा इकडे, एकदा तिकडे, बस्स. डावा पाय नुसता बसून असतो. नसला तरी चालतो.

गावानं नावं ठेवायची ती ठेवलीच. जपानी माल म्हणजे जत्रेतली खेळणी, पत्रा आहे नुसता, सहा महिन्यांत दारात कोंबड्या बसतील तिच्यावर. कोंबड्या बसल्या नाहीत. तेल बदलायचं, पाणी बघायचं, याउपर त्या गाडीनं आमच्याकडे काही मागितलं नाही. गाडी आली त्या दिवशी हे एकटे उसाच्या पट्टीपर्यंत चालवत गेले आणि परत आले. दारात गाडी थांबली तरी खाली उतरेनात. मी चहा घेऊन गेले तेव्हा म्हणाले, जरा बसतो इथंच. घरात त्यांना उठाय-बसायला कुणाला तरी हाक मारावी लागायची. त्या सीटवर बसलं की लागत नसे. मला गाडीचं कौतुक होतं ते एवढ्यासाठी.

साताऱ्याच्या स्टँडवर ही गर्दी! विट्याच्या एसटीत यांना चढवताना मागून एक धोतरवाला मला म्हणतो, बाई, असल्या माणसाला कशाला फिरवता, घरी बसवावं. मी मागं वळून त्याची अशी काही हजेरी घेतली की त्यानं ती एसटीच सोडली. हे खिडकीशी बसून हसत होते. सकाळी दाढी घोटून केली होती, फौजेतला हिरवा स्वेटर चढवला होता आणि पिशवीत काच पुसायचं पिवळं फडकं घेतलं होतं. येताना गाडी ते स्वतः चालवणार होते. घाटावरनं आलो तर किती वेळ, कराडावरनं आलो तर किती, याचा हिशेब रात्रीपासून चालला होता.

कराडला नदीचं पात्र भरून वाहत होतं. तिथं एक म्हातारबा आमच्या शेजारी येऊन टेकले. हे त्यांना गाडीबद्दल सांगायला लागले. गाडीचं नाव निघालं की यांना थांबवणं कठीण. म्हणाले, ही गाडी करणारी कंपनी आधी कापड विणायचे माग करायची, मग मोटारीकडे वळली. मागाचा धागा तुटला तर माग आपोआप थांबला पाहिजे, असा त्यांचा खाक्या. म्हातारबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पर क्लच न्हाई तर गेर कसा पडतो?"

"गाडीच टाकते."

"मग तुमी काय करता?"

"मी रस्ता बघतो," हे म्हणाले. म्हातारबा मान हलवत राहिले. काही पटलं नाही त्यांना.

कराड सोडलं की ऊस मागं पडत जातो आणि माळ लागतो. विटं जवळ आल्याचं डोळ्यांच्या आधी कानाला कळतं. गल्लीगल्लीतून मागांची खटखट. आप्पासोचे स्वतःचे माग आहेत, घराला लागूनच. त्यानं दारातच यांना मिठी मारली. माणूस वाईट नाही, हे मला राग असतानाही कबूल करावं लागतं. पाटावर बसवलं, पुरणपोळी, कटाची आमटी, वर शाळूची भाकरी आणि हिरव्या मिरच्यांचा खरडा. त्याची बायको, शालनवहिनी, वाढताना थकत नव्हती. मी पहिल्या घासापासून विचारत होते, गाडी कुठाय? दारात दिसली नाही ती.

तेव्हा कळलं, गाडी सांगलीला. लेकीच्या लग्नानंतर त्याच्या व्याह्यांच्या घरचं लग्न निघालं, मग तासगावच्या मित्राचं. "दादा, एकदा म्हंजे एकदा बंद पडली न्हाई तुमची गाडी," आप्पासो अभिमानानं सांगत होता. मला म्हणायचं होतं, तेच चुकलं तिचं. बंद पडली असती तर दुसऱ्या दिवशी दारात आणून सोडली असतीत. यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणून मी गप्प बसले. आणि एवढे महिने तुमच्याकडे राहिली, सुभेदारांची अडचण नाही का झाली, असं त्या घरात कुणीही, अगदी कुणीही विचारलं नाही. सगळ्यांचं एकच, तुमच्या दारात नुसती उभीच असती नव्हं.

सांगलीला कशाला, तर ते उद्या बघा म्हणे. वहिनी तोंडाला पदर लावून हसत होती. एवढंच म्हणाली, शेजारणीचं भांडं आलं तर ते तसंच रिकामं परत करतो का आपण? चिमूटभर साखर तरी घालतोच की.

दुसऱ्या दिवशी भाड्याच्या जीपमधून निघालो. तासगावाकडं द्राक्षांच्या बागांची छाटणी चालली होती. वहिनीनं ताट, निरांजन, नारळ, झेंडूची माळ, सगळं बरोबर घेतलं होतं. गाडीची पूजा करून मगच ताब्यात द्यायची होती. सांगलीच्या पेठेतून जाताना हळदीचा वास नाकात बसला. मिरजेच्या रस्त्याला एका पत्र्याच्या गॅरेजपुढं जीप थांबली आणि आमची गाडी दिसली. धुऊन पुसून लख्ख. हे उतरले ते जवळजवळ धावतच. कुबडीनं जेवढं धावता येतं तेवढं. दार उघडलं, सीटवर बसले, लाकडी पाय हातानं उचलून आत घेतला आणि खाली बघतच राहिले.

मीही वाकून पाहिलं. डावीकडं, जिथं काही नव्हतं, तिथं एक काळं पेडल होतं. नवं कोरं.

आप्पासोला आता राहवेना. सांगायला लागला. नेतानाच ड्रायव्हरच्या ध्यानात आलं की ह्या गाडीला क्लच नाही. लग्नातही त्याचा डावा पाय सारखा क्लच हुडकायचा आणि ब्रेकवर पडायचा. वरमाईचं डोकं पुढच्या सीटवर आपटलं. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की मुंबईच्या साहेबानं सुभेदारांना फसवलं, क्लच काढून घेतला आणि अधू गाडी गळ्यात मारली. इथल्या शंकर मिस्त्रीनं ते सगळं खोलून जुना गिअरबॉक्स काढला, देशी गाडीचा गिअरबॉक्स आणि क्लच बसवला. महिनाभर खपत होता तो. शंकर मिस्त्री शेजारी हात पुसत उभा होता, शाबासकीची वाट बघत.

यांनी किल्ली फिरवली. इंजिन चालू केलं. मग कुबडी आत घेतली, तिचं टोक त्या पेडलवर टेकवलं आणि दाबलं. गिअर पडला. कुबडी सोडताच टोक सटकलं, गाडी उडी मारून पुढं गेली आणि तेलाच्या रिकाम्या पिंपावर आदळून बंद पडली. आमच्या घरात आल्यापासून ती गाडी पहिल्यांदा बंद पडली. गॅरेजमधली माणसं हसली, वाईट बुद्धीनं नव्हे. मिस्त्री म्हणाला, हुईल सवय.

आणि आमचे हे खाली उतरून काय म्हणाले असतील? "झ्याक काम झालंय, मिस्त्री."

मला त्या क्षणी सगळ्यांचाच राग आला, पण यांचा सगळ्यात जास्त. कशाला ती सभ्यता? वहिनीनं चाकाला कुंकू लावलं, माळ घातली, नारळ फोडला. मग माझ्याकडे वळली, ओटी भरायला. खण, तांदूळ, नारळ पदरात पडले. तिचा हात माझ्या कपाळापाशी होता आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"आप्पासो, ह्यांना डावा पाय नाही."

"आवं वयनी, म्हाईत हाय की," तो म्हणाला. "म्हनूनच केलं. मानूस अधू, निदान गाडी तरी अधू नको."

"मग ती चालवायची कुणी?"

"डायवर ठेवायचा. सुभेदार मानूस, त्यानं काय सोता चालवायची?"

मी म्हटलं, "सोता चालवत होते. रोज. ह्या गाडीला क्लच नव्हता म्हणूनच घेतली होती ती."

वहिनीचा हात तसाच राहिला. आप्पासोनं गाडीकडं पाहिलं, मग यांच्या पायाकडं. शंकर मिस्त्रीला आधी उमगलं. तो मटकन पिंपावर बसला. जुना गिअरबॉक्स कुठाय, मी विचारलं. त्यानं मान वर केली नाही. परवाच भंगारात गेला होता, फौंड्रीत वितळवायला. तसला दुसरा साऱ्या महाराष्ट्रात मिळणार नाही, हेही त्यानंच सांगितलं.

परतताना गाडी आप्पासोनं चालवली. हे शेजारी, मी मागं; वहिनी जीपनं विट्याला परतली. इस्लामपूर गेलं, कराड आलं. गाडी लोण्यासारखी चालत होती. काम खरोखरच चोख होतं आणि त्याचीच मला जास्त चीड येत होती. वाईट केलं असतं तर शिव्या तरी घालता आल्या असत्या. कराडच्या पुलावर आप्पासोच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हणाला, "दादा, मला कुनी सांगितलंच न्हाई."

"असू दे रं," हे म्हणाले. "इंजिन तेच हाय नव्हं."

मी मागून म्हटलं, विचारायला तोंड नव्हतं का? आप्पासो आमच्या दारात किल्ली ठेवून, पाणीसुद्धा न पिता एसटीनं परत गेला.

आता ह्या गोष्टीला वर्षं झाली. गाडी आमच्याकडंच आहे. ज्यांनी नावं ठेवली त्यांच्या दोन-दोन गाड्या विकून झाल्या, ही अजून एका हाकेला चालू होते. चालवते मी. यांनीच शिकवलं, कोरेगावबाहेरच्या मैदानात, आणि शिकवताना माझ्यावर ओरडले ते सुभेदारासारखेच. लोक म्हणतात, बघा, त्यातनं चांगलंच झालं की, बाई गाडी शिकल्या. असं म्हणणाऱ्याला मी तिथल्या तिथं गप्प करते. मला शिकायची नव्हती. मला यांना त्या सीटवर बघायचं होतं. आप्पासोचं मन मोठं होतं, मिस्त्रीचा हात चांगला होता, कुणाच्याही मनात पाप नव्हतं, आणि त्यांनी सगळ्यांनी मिळून माझ्या नवऱ्याचा दुसरा पाय काढून घेतला. एका प्रश्नानं वाचला असता.

रस्त्यात बैल आडवा आला की मी ब्रेक दाबते. डावीकडं बसलेल्या यांचा उजवा पायही त्याच क्षणी खाली दाबला जातो, माझ्या आधीच बहुतेक. तिथं काही नाही, नुसती चटई आहे. तिला टाचेखाली भोक पडलंय. हे म्हणतात, नवी घाल. मी घालत नाही.